चौकोनातला पाऊस
हवामानाची कालमालिका तयार करताना शिकलेले दहा धडे

काटोल तालुक्यात माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. चार वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी विचारलं, "काय वं, तू नकाशाचं काम करतेस ना? मग सांग बरं, मृगाचा पाऊस खरंच मागं सरकला, का आम्हालेच तसं वाटते?"

मृग बहार घेणाऱ्याला हा प्रश्न गमतीचा नसतो. मे महिन्यात झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा आणि जूनच्या पावसावर झाड फुलोऱ्यावर आणायचं, असं ते गणित. पाऊस लांबला की ताण वाढतो आणि बहार हातचा जातो.

"आठ दिवसांत सांगते," म्हणून मी मोकळी झाले. लागले आठ महिने.

मी नागपूरजवळच्या वाडीत राहते, दत्तवाडीत. खिडकीखाली अमरावती रोडचे ट्रक आणि गोदामांची वर्दळ असते, खोलीत एक जुना संगणक आणि क्यूजीआयएस. हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते चुकाही तितक्याच मुक्तपणे करू देतं. माती-सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्युरो आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था याच रस्त्यावर आहेत. त्यामुळे तिकडे शिकणारी मुलं अधूनमधून पेनड्राइव्ह घेऊन येतात, "ताई, एवढं बघता का?" म्हणतात. बहुतेकांच्या चुका मी आधी करून बसलेली असते. म्हणून त्या ओळीनं लिहून काढते.

१. आधी प्रश्न लिहा, मग डेटा उतरवा.

मी नेमकं उलटं केलं. पहिल्याच रात्री महिनावार पावसाचे नकाशे उतरवले आणि जूनच्या बेरजा काढल्या. मामांना दाखवल्यावर ते म्हणाले, "जूनचा पाऊस तीस तारखेला पडला तरी तुझ्या कागदावर जूनच हाय. माझं झाड तोवर वाट पाहीन का?" पंधरा दिवस पाण्यात गेले.

मग आम्ही व्याख्या ठरवली: ७ जूननंतर सलग पाच दिवसांत मिळून ५० मिलिमीटर पाऊस पहिल्यांदा पूर्ण झाला, तो मृगाचा पाऊस. ही व्याख्या शास्त्राची नाही, आमच्या दोघांची आहे. पण ती लिहिल्याबरोबर रोजचा डेटा लागणार, किमान तीस वर्षांचा लागणार, हे आपोआप ठरलं. तापमान, आर्द्रता, वारा हे सगळं उतरवायचा मोहही गळून पडला.

२. चौकोन केवढा आहे ते जमिनीवर मोजून पाहा.

भारतीय हवामान विभागाचा पुण्याहून मिळणारा रोजच्या पावसाचा ग्रिड १९०१पासूनचा आहे आणि त्याचा एक चौकोन पाव अंशाचा. 'पाव अंश' म्हटलं की डोळ्यांसमोर काही येत नाही. आपल्या अक्षांशावर तो उत्तर-दक्षिण जवळपास २८ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २६ किलोमीटर भरतो, म्हणजे ७०० चौरस किलोमीटरच्या वर. नागपूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ ९,८९२ चौरस किलोमीटर. अख्ख्या जिल्ह्याच्या वाट्याला असे जेमतेम १४ चौकोन येतात. त्याच विभागाचा तापमानाचा रोजचा ग्रिड १९५१पासून आहे आणि त्याचा चौकोन तर पूर्ण एक अंशाचा, पावसाच्या सोळा चौकोनांएवढा.

कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठातून येणारा 'चर्प्स' हा पावसाचा ग्रिड १९८१पासूनचा आहे. उपग्रह आणि पर्जन्यमापक यांची सांगड घालून तो केलेला असतो आणि त्याचा चौकोन अंशाच्या विसाव्या भागाचा, साधारण साडेपाच किलोमीटरचा. बारीक चौकोन पाहून मी हरखले होते. पण चौकोन बारीक केला म्हणून त्या गावात नवा पर्जन्यमापक उगवत नाही. जिथे मोजमाप विरळ आहे तिथला आकडा आजूबाजूच्यांवरून काढलेला अंदाजच असतो. मोठ्या पिक्सेलचे छोटे पिक्सेल करून, कडा गुळगुळीत करून दिलेला नकाशा भिंतीवर छान दिसतो. माहिती त्यात तेवढीच राहते.

३. आकडा कुठल्या बिंदूचा आहे ते विचारा.

या धड्यानं माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं. हवामान विभागाच्या पावसाच्या ग्रिडची सुरुवात ६.५ उत्तर अक्षांश आणि ६६.५ पूर्व रेखांशापासून होते. हे आकडे चौकोनाच्या मध्याचे आहेत. मी साध्या मजकुराची रास्टर, म्हणजे चौकोनांच्या जाळीची, फाइल बनवताना तेच आकडे डाव्या खालच्या कोपऱ्याचे म्हणून टाकले. तिथे ६.३७५ आणि ६६.३७५ यायला हवं होतं.

फरक एक अष्टमांश अंशाचा. पण त्यानं अख्खा भारत चौदा किलोमीटर वर आणि तेरा किलोमीटर उजवीकडे सरकला, आणि पडद्यावर काहीच वावगं दिसलं नाही. दक्षिणेच्या बाजूच्या चौकोनाचा पाऊस वाडीच्या नावावर जमा होत राहिला. मी त्याचे आलेखही काढले होते.

आता कामाला बसले की आधी कागदावर चौकोन आखते. २१.२५ उत्तर आणि ७९.०० पूर्व हा मध्य धरला तर चौकोन २१.१२५पासून २१.३७५पर्यंत जातो. वाडी त्यात येते, सीताबर्डीही येते. सोनेगावचं विमानतळ मात्र २१.१२५च्या खाली, म्हणजे दुसऱ्या चौकोनात. नागपूरचं तापमान आणि पाऊस म्हणून आपण जे रोज वाचतो ते तिथल्या वेधशाळेचं. म्हणून वेधशाळेचा आकडा आणि वाडीचा चौकोन जुळत नाहीत, अशी तक्रार करण्याआधी आपण कोणाशी कोणाची तुलना करतोय ते पाहावं.

४. फाइलचं वजन करा.

हवामान विभाग वर्षागणिक एक बायनरी फाइलही देतो. आडवे १३५ बिंदू, उभे १२९, प्रत्येकाला चार बाइट. एका दिवसाचे ६९,६६० बाइट होतात. ३६५ दिवसांचे २,५४,२५,९०० आणि लीप वर्षाचे २,५४,९५,५६०. फाइल उघडायच्या आधी तिचं आकारमान बघावं. याहून कमी भरलं तर उतरवताना तुटली आहे. आमच्याकडे वीज गेली की अशी अर्धवट फाइल हमखास तयार होते आणि तिचं नाव मात्र पूर्ण असतं.

याच फाइलमध्ये पहिली ओळ दक्षिणेची असते. बहुतेक रास्टर वरून, म्हणजे उत्तरेकडून वाचले जातात. लक्ष दिलं नाही तर कन्याकुमारी वर आणि काश्मीर खाली येतं. ही चूक मात्र लगेच दिसते, म्हणून ती मला आवडते.

५. रिकामी जागा आणि एकक, दोन्ही तपासल्याशिवाय बेरीज करू नका.

समुद्रावर किंवा हद्दीबाहेर पावसाचा आकडा नसतो, तिथे फाइलमध्ये वजा ९९९ लिहिलेलं असतं. चर्प्समध्ये वजा ९९९९. तापमानाच्या ग्रिडमध्ये ९९.९. सॉफ्टवेअरला 'ही रिकामी जागा' असं सांगितलं नसेल तर ते बिचारं हे आकडेही इमानदारीनं सरासरीत धरतं. एका विद्यार्थ्यानं रत्नागिरी जिल्ह्याचा पाऊस काढून आणला तो उणे निघाला. त्यानं उणे चिन्ह खोडून छापलं होतं! वजा ९९९ निदान ओरडून सांगतं. ९९.९ धोकेबाज, आसपासच्या खऱ्या आकड्यांत मिसळून सरासरी ४८-५० अंश अशी दाखवतं, आणि विदर्भातल्या माणसाला मे महिन्यात तेही खरं वाटू शकतं.

युरोपीय हवामान केंद्राचा 'ईआरए५' वापरणाऱ्यांनी एककाकडे बघावं. त्यात तापमान केल्व्हिनमध्ये असतं, २७३.१५ वजा करावे लागतात. पाऊस मीटरमध्ये असतो, हजारानं गुणावा लागतो. गुणायचं विसरलात तर चेरापुंजीलाही दुष्काळ पडतो.

६. दिवस कुणाचा, ते ठरवा.

२२ सप्टेंबर २०२३च्या रात्री आम्ही झोपलो तेव्हा पाऊस साधा होता. मध्यरात्रीनंतर जो कोसळला तो काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर गेला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. नाग नदी उगम पावते ती आमच्या वाडीजवळच्या लाव्याच्या टेकड्यांत. २३ तारीख नागपूरकर विसरणार नाहीत.

आता हा पाऊस डेटात शोधा. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २३ तारखेच्या साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस २३च्या नावावर. आपल्या आठवणीशी हे जुळतं. पण जागतिक वेळेवर चालणारा डेटा घेतला तर आपल्या पहाटेचे साडेपाच म्हणजे तिथली मध्यरात्र. रात्री दोन-तीनला पडलेला पाऊस त्या हिशेबात २२ सप्टेंबरचा.

दोन्ही बरोबर आहेत. दोन्ही एकाच तक्त्यात शेजारी ठेवून 'उपग्रहाचा अंदाज एक दिवस चुकला' असा निष्कर्ष मी एका अहवालात लिहिला होता, तो चुकीचा होता. ताशी डेटा असेल तर आधी तास साडेआठच्या हिशेबात जुळवून घ्यावेत आणि मगच दिवसाची बेरीज करावी.

७. बँड म्हणजे तारीख नव्हे, आणि शेपफाइल म्हणजे कपाट नव्हे.

क्यूजीआयएसमध्ये वर्षाची फाइल उघडली की ३६५ बँड, म्हणजे दर दिवसाचा एक थर, दिसतात. साध्या वर्षात १ जून म्हणजे बँड १५२, लीप वर्षात १५३. मी तीस वर्षांना सरसकट १५२ लावलं होतं. मृगाचा पाऊस शोधणारीला दर चौथ्या वर्षी एका दिवसाची चूक परवडत नाही. बँडच्या क्रमांकाला तारीख जोडणारा वेगळा तक्ता आधी करावा आणि सगळी कामं तारखेवर करावीत.

दुसरी गोष्ट त्याहून मजेची. बिंदूंवरून रास्टरच्या किमती उचलणारं साधन प्रत्येक बँडचा एक रकाना करतं. मी तो निकाल सवयीनं शेपफाइलमध्ये साठवला. तिचा तक्ता डीबीएफ या जुन्या पद्धतीचा, आणि त्या पद्धतीची मर्यादा २५५ रकान्यांची. तो तक्ता मी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडला तेव्हा पुढचे रकाने गायब. माझ्या दर वर्षाचा पाऊस सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपत होता. 'परतीचा पाऊस कमी झाला' असं एक वाक्य मी मनात तयारही केलं होतं. तेव्हापासून साठवण जिओपॅकेजमध्ये करते, आणि रकाने वाढवण्याऐवजी तारीख, ठिकाण, किंमत अशा तीन रकान्यांत उभी यादी ठेवते. यादी लांबते, तीस वर्षांच्या एका बिंदूच्या अकरा हजारांच्या आतबाहेर ओळी होतात. पण काही हरवत नाही.

८. नकाशा डेटाकडे न्या, डेटा नकाशाकडे ओढू नका.

गावाची किंवा तालुक्याची हद्द मीटरमधल्या प्रोजेक्शनमध्ये असते आणि हवामानाचा ग्रिड अंशांमध्ये. नवशिका माणूस रास्टरचं प्रोजेक्शन बदलतो. त्यात प्रत्येक पिक्सेल नव्यानं मांडला जातो आणि किमती हलतात. हद्दीची फाइल बदलावी, रास्टरला हात लावू नये. महाराष्ट्रात त्यात आणखी एक मेख आहे: ७८ पूर्व रेखांशावर यूटीएमचा ४३वा पट्टा संपून ४४वा सुरू होतो आणि ही रेघ अमरावती आणि नागपूर यांच्या मधून जाते. माझ्या खिडकीखालून अमरावतीला निघालेला ट्रक वाटेत पट्टा बदलतो. विदर्भाचं काम एकाच पट्ट्यात रेटलं की कुठे तरी मापं बिघडतातच.

हद्दीतली सरासरी काढणारं 'झोनल स्टॅटिस्टिक्स' हे साधन, ज्या पिक्सेलचा मध्य हद्दीत पडतो तो मोजतं; असा एकही नसेल तर हद्द ज्या पिक्सेलवर येते तो धरतं. वाडी नगरपरिषदेची हद्द पाव अंशाच्या चौकोनात एका कोपऱ्यात मावते. तिथे सरासरी म्हणून दशांशासह जो देखणा आकडा मिळतो तो त्या एका चौकोनाचाच. त्याला 'वाडीचा पाऊस' म्हणताना जीभ जरा अडखळली पाहिजे.

आणि सरासरी पावसाला सपाट करते. हवामान विभागाच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर झाला तर पावसाचा दिवस आणि ६४.५पासून पुढे मुसळधार. या रेषा एका ठिकाणच्या पर्जन्यमापकासाठी आहेत. सातशे चौरस किलोमीटरच्या सरासरीला त्या लावल्या तर रिमझिम दिवस वाढतात आणि मुसळधार दिवस घटतात. त्यात हवामान बदललेलं नसतं.

९. जुन्या जखमेवरून कसोटी लावा.

३० जुलै १९९१ला वर्धा नदीच्या पुरानं नरखेड तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं. २०४ माणसं गेली. मामा त्या दिवसांबद्दल आजही आवाज खाली करून बोलतात.

माझी मालिका तयार झाली की मी पहिल्यांदा १९९१ उघडते, बँड २११ आणि त्याच्या आगेमागचे दोन-तीन दिवस. जिल्ह्याच्या वायव्येला, वर्धेच्या वरच्या खोऱ्याकडे मोठे आकडे दिसायला हवेत. ते भलतीकडे दिसले तर चौकोन सरकलाय, चार दिवस इकडेतिकडे असले तर तारखा चुकल्या आहेत, कुठेच नसले तर मी दुसरंच वर्ष उघडलंय. पाच मिनिटांची ही तपासणी कुठल्याही सांख्यिकी चाचणीच्या आधीची. प्रत्येक जिल्ह्याजवळ असा एखादा दिवस असतो. तो ग्रंथालयात किंवा म्हाताऱ्या माणसांत शोधावा.

१०. रेघ ओढण्याआधी मोजणाऱ्याकडे पाहा.

३० मे २०२४ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. देशभर बातमी झाली. सेन्सरचा बिघाड होता, असं हवामान विभागानं नंतर सांगितलं. असा आकडा एकच असतो तेव्हा सापडतो. खरा त्रास हळूहळू येणाऱ्या फरकाचा. १९०१पासूनच्या ग्रिडमागे सगळी वर्षं तीच पर्जन्यमापकं नाहीत. केंद्रं वाढली, काही बंद पडली, काहींची जागा बदलली. एखाद्या चौकोनातला चढ-उतार पावसाचा आहे का मोजणाऱ्यांचा, हे पाहिल्याशिवाय शंभर वर्षांची रेघ ओढू नये. आता राज्यात महावेधची दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळांत आहेत. अलीकडच्या वर्षांसाठी त्यांच्याशी ताडून पाहता येतं. जुन्यासाठी ती सोय नाही.

मामांच्या प्रश्नाची रेघही मी अशीच तपासून पाहिली. मालिका १९८१पासून घेतली तेव्हा रेघ एका बाजूला कलली, १९९१पासून घेतली तेव्हा जवळपास आडवी झाली. आमच्या व्याख्येतली तारीख एका वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दुसऱ्या वर्षी जुलै उजाडल्यावर, अशी उड्या मारते. त्या उड्यांपुढे कल फिका पडतो. मी बागेत जाऊन हे सांगितलं: मृग मागं सरकला असं माझ्या आकड्यांवरून छातीठोक म्हणता येत नाही, त्याचा भरवसा नाही, एवढं मात्र म्हणता येतं.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते तर मालेबी मालूम हाय. पण तुझा चौकोन म्हणजे माझी बाग नव्हे ना?"

नव्हे. म्हणून आम्ही बागेत एक साधा पर्जन्यमापक रोवला. झाडापासून लांब, उघड्यावर. मामा सकाळी साडेआठला मोजतात आणि शाळेच्या वहीत लिहितात: तारीख, मिलिमीटर, शेरा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहितात, आणि मोजलं नसेल त्या दिवशी रेघ मारतात. शून्य आणि रेघ यांतला फरक त्यांना एकदाच सांगावा लागला. मीही एक वही ठेवली आहे. कुठली फाइल, कधी उतरवली, कुठली आवृत्ती, कुठल्या बँडचं काय केलं, सगळं त्यात. मूळ फाइलींचा फोल्डर कुलूपबंद, काम नेहमी प्रतीवर.

तुम्ही हे काम सुरू करणार असाल तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक करा. तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश घ्या आणि पाव अंशाच्या जवळच्या टप्प्याला आणा. तो तुमच्या चौकोनाचा मध्य. कागदावर त्याच्या चार कडा आखा आणि आत कोणकोणती गावं येतात ती लिहा. वाडीचा २१.२५, ७९.०० आहे. तुमचा कोणता?